दहा इंच म्हणजे नेमके किती?

(कोथरूडच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, ‘कोणता टॅब घ्यावा’ हा विषय मला दिलाय, पण मॉडेलचं नाव मी सांगणार नाही. आज सांगितलेलं मॉडेल दिवाळीपर्यंत दुकानातून गायब होतं आणि बोलणी मला खावी लागतात.

२७ जानेवारी २०१० रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयपॅड दाखवला, तेव्हा मंचावर चक्क एक आरामखुर्ची मांडली होती. तिच्यात रेलून ते तो वापरत होते. पुढच्याच वर्षी आपल्याकडे सरकारी ‘आकाश’ टॅब आला. स्वस्त होता, पण त्याचा पडदा दाबाने चालणारा. नुसतं बोट टेकवून भागायचं नाही, नखाने टोचावं लागायचं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की टॅब ही बसून किंवा लोळून हातात धरायची वस्तू आहे. आपण मात्र ती घेताना प्रोसेसरची चौकशी करतो. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत वायर घेताना दहा प्रश्न विचारणारा माणूस टॅब घेताना फक्त ‘किती इंची?’ एवढंच विचारतो.

आणि इंचातच तर गोम आहे. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके. दहा इंची पडदा चारास तीन प्रमाणात असेल, तर तो आठ बाय सहा इंच भरतो. सोळास दहा असेल, तर साडेआठ बाय सव्वापाच, थोडा इकडेतिकडे. आता उभा धरून ई-पेपर वाचा. पहिल्यात सहा इंच रुंदी मिळते, दुसऱ्यात जेमतेम सव्वापाच. बातमी वाचताना ते पाऊण इंच डोळ्यांना कळतं. उलट आजची मालिका किंवा क्रिकेट सोळास नऊ चौकटीत असतं. ते लांबट पडद्यावर जवळजवळ सगळा पडदा व्यापतं, चौकोनी पडद्यावर वरखाली काळे पट्टे येतात. म्हणजे वाचणाऱ्याने चौकोनी घ्यावा, बघणाऱ्याने लांबट. अपवाद एक: प्रभातच्या काळातले चित्रपट जवळपास चारास तीन चौकटीतलेच आहेत. प्रभात रोडवर राहून तेच बघत बसणाऱ्यांनी खुशाल चौकोनी घ्यावा. (हशा)

दुसरी गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. माझ्या मेव्हण्याने भरपूर पिक्सेलवाला टॅब घेतला, ओटीटीची एचडी वर्गणी भरली, तरी नटाचा चेहरा धुरकट तो धुरकटच. तो आधी वायफायला शिव्या देत होता, मग चष्म्याला. दोष तिसरीकडेच होता. अँड्रॉइडमध्ये चित्रपटांची चोरी होऊ नये म्हणून वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. त्याची एल-वन पातळी असेल तर एचडी मिळतं. एल-थ्री असेल, तर बहुतेक ओटीटी ॲप चित्र ४८० रेषांच्या, म्हणजे एचडीहून खालच्या दर्जाच्या, वर जाऊच देत नाहीत, पडदा कितीही भारी असो. पातळी दाखवणारी फुकट ॲप मिळतात. दुकानातच टाकून बघा, लाजू नका. यूट्यूबवरच्या साध्या व्हिडिओंना या कुलपाचा त्रास नाही, म्हणून विक्रेता यूट्यूब लावून दाखवतो आणि आपण खूश होतो. आयपॅडला ॲपलची स्वतःची वेगळी व्यवस्था असल्याने तिथे ही तपासणी लागत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. रॅम चार जीबीच्या खाली नको. नाहीतर दुसरं पान उघडून मागे आलात, की पहिलं पुन्हा सुरुवातीपासून लोड होत बसतं. साठवण ६४ जीबी लिहिली तरी त्यातला बराचसा भाग यंत्रणाच खाते. अनेक अँड्रॉइड टॅबमध्ये कार्ड घालता येतं, आयपॅडमध्ये नाही. सिमचा टॅब बहुतेकांना लागत नाही. घरी वायफाय असतं आणि बाहेर फोनचा हॉटस्पॉट. मागच्या कॅमेऱ्यासाठी जास्तीचे पैसे तर अजिबात मोजू नका. लग्नात टॅब उंच धरून फोटो काढणारे काका मागच्या रांगेला नवरानवरी दिसू देत नाहीत.

मुलगा अमेरिकेहून टॅब आणतोय, चालेल का, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असेल तर आपल्याकडे चालतो, फक्त चपट्या पिनांना जोडणी लागेल. वॉरंटी मात्र भारतात चालते का, हे त्याला आधी बघायला सांगा.

दहा-अकरा इंची टॅबचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि जाड कव्हर घातलं की ते पाऊण किलोकडे जातं. झोपून वाचताना डुलकी लागली, की ते सगळं नाकावर. बाहेरच्या टेबलावर माझे दोन टॅब ठेवलेत, एक चौकोनी, एक लांबट. चहा होईपर्यंत दोन्ही पाच-पाच मिनिटं एका हातात धरून बघा. कव्हर काढू नका.