दोन बोटांची ढील

(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[पडदा काळा. फक्त पाण्याचा आवाज. मग पहाटेची तापी, मागे सारंगखेड्याचा पूल.]

पावसाळा सरला, सारंगखेडा बॅरेजची दारं खाली आली, की वरच्या अंगाला तापी थांबते. पुलावरून पाहणाऱ्याला ती तळ्यासारखी निवांत दिसते. दत्तजयंतीला घोड्यांच्या यात्रेला आलेली माणसं इथे गाडी उभी करून फोटो काढतात. खाली काय आहे ते फोटोत येत नाही. बुडालेल्या बाभळी आहेत, तुटकी जाळी आहेत, विसर्जन झालेल्या मूर्तींच्या सळया आहेत.

हे सगळं ज्यांना हातांनी पाठ आहे ते हे नाना, नदीत बुडालेल्या वस्तू आणि माणसं शोधून काढणारे. वय ६३, वजन ५२ किलो. पुढच्या शॉटला कात्री लावलेली नाही.

[नाना बुडी मारतात. निवेदन थांबतं. ४८ सेकंद फक्त पाणी.]

हातात आहे तो पाण्याच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, पाइपाच्या बुडातल्या तोंडाची झडप. इथले शेतकरी त्याला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. सकाळपासूनची ही सहावी बुडी. अंगावर चड्डी, कमरेला दोर. चाळीस वर्षं हीच वर्दी.

[क्लोजअप : नानांची बोटं. तंबाखूची पुडी उघडत नाही.]

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा. काठावर आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नव्हता. आणि ही बोटं पाहा.

सूर्याची लेक म्हणून तापीची पूजा होते, पण तळाशी ही लेक बापाच्या वळणावर गेलेली नाही. दोराला थर्मामीटर बांधून आम्ही खाली सोडला. वर २९ अंश, तळाला २५. पंख्याखाली २५ अंश म्हणजे सुखच. पण पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं. पाण्यात बराच वेळ गेला की आधी बोटं ऐकेनाशी होतात, आणि या गाळात डोळ्यांचं काम बोटांनाच करावं लागतं. स्वतःचा पंजा नाकासमोर धरला तरी दिसत नाही.

[जुने मोबाईलवरचे फोटो : हार, नारळ, दोन काळे सूट.]

मागे एका संस्थेने दोन वेटसूट, म्हणजे बुडी मारताना घालायचे रबरी सूट, भेट दिले. कार्यक्रम झाला, फोटो निघाले. सूट सात मिलिमीटर जाडीचे, एक्सएल मापाचे, बहुधा कुठल्यातरी गार समुद्रात वापरून झालेले. माणूस कोण, पाणी कुठलं, हे देताना कोणी विचारलं नाही. विचारायला फार वेळ लागला असता असंही नाही.

[नाना तोच सूट घालून पाण्यात. हसणारी पोरं.]

हे गेल्या वर्षीचं चित्रण, नानांच्या पुतण्याने मोबाईलवर केलेलं. चाळीस वर्षं बुड्या मारणारा माणूस इथे बुडेचना! डोकं खाली, पाय वर, पुन्हा बुचासारखा वर. बाहेर येऊन नाना काय म्हणाले ते त्यांच्याच तोंडून ऐका.

[नाना : “हाऊ सूट मन्हा नही शे, दुसराना शे.”]

ते का तरंगले, ते कात्रीने कापून पाहिलं.

[क्लोजअप : सुटाची फाटकी बाही, कापलेली कड, बारीक छिद्रं.]

हे निओप्रिन. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झालेलं कृत्रिम रबर. पुढे १९५० नंतर कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने त्याचा पाणबुड्यांसाठी सूट केला. अंग कोरडं ठेवण्याच्या मागे लागायचं कारण नाही, हे त्याला सुचलं. या स्पंजासारख्या रबरात वायूचे बंद बुडबुडे असतात. ऊब तेच धरतात आणि माणसाला वर तेच ढकलतात. सात मिलिमीटर म्हणजे भरपूर बुडबुडे. ५२ किलोचे नाना वर राहिले नसते तरच नवल.

वेटसूट म्हणजे ओला सूट, आणि नाव खरं आहे. पाणी आत शिरतंच. अंगाच्या उबेने ते कोमट होतं, आणि त्याने तिथेच थांबायला हवं. सूट ढिला असला की प्रत्येक हातापायाच्या हालचालीला कोमट पाणी बाहेर, गार पाणी आत. लोहाराच्या भात्यासारखं. मग सूट घातला काय आणि न घातला काय.

म्हणून या खेपेला, नवे सूट मागवताना, आधी टेप आली.

[गावातलं टेलरिंगचं दुकान. शिलाई मशीन, भिंतीवर देवांची कॅलेंडरं.]

नाना धरून बुडी मारणारे सात जण रांगेत. उंची, वजन, छाती, कंबर, सीट, गळा, आतून पायाची लांबी. शिंपीदादा छातीला टेप लावतात आणि सवयीने दोन बोटं आत सरकवतात. पुन्हा पाहा. ही दोन बोटं. सदऱ्याला ती ढील लागते, श्वास घ्यायला, बसायला, जेवायला. पुतण्या म्हणतो, “दादा, बोटं काढा.” दादा काढतात. पुढच्या माणसाला परत घालतात. सातव्या माणसापर्यंत हेच चाललं. सगळंच्या सगळं ठेवायचा मोह आम्ही आवरला, तीन माणसांचं ठेवलं.

मापं आली तेव्हा लक्षात आलं की कंपन्यांच्या तक्त्यात ही माणसं बसत नाहीत. छाती स्मॉलची, हात मीडियमचे, पोटऱ्या भलत्याच. नुसत्या उंचीवरून सूट मागवणाऱ्याची इथेच फसगत होते. वजन आणि छाती आधी, उंची नंतर. काही कंपन्या उंच-सडपातळ बांध्याचं वेगळं माप काढतात, ते शोधावं लागतं.

[ओसरीवर वाद. चहाचे कप.]

जाडीवर दोन संध्याकाळी गेल्या. पुतण्या आणि त्याचे दोन सोबती मालवणजवळ तारकर्लीला स्कुबा, म्हणजे पाठीला हवेचं सिलिंडर लावून बुडी मारणं, शिकून आलेत. तिथे सगळे तीन मिलिमीटर घालतात, आपणही तीनच घेऊ, हे त्याचं म्हणणं. ढोबळ हिशोब असा : २४ ते २८ अंशांच्या पाण्याला तीन मिलिमीटर, १८ ते २४ ला पाच, त्याखाली १० पर्यंत सात, आणि त्याहून गार असेल तर कोरडा सूट, म्हणजे ड्रायसूट. मेमधली तापी पहिल्या खणात बसते. पण बुडणारा माणूस महिना पाहून बुडत नाही. जानेवारीत खानदेशात पहाटेचा पारा १० च्या खाली जातो, तेव्हा नदी दुसऱ्या खणात असते. शिवाय हौशी पाणबुड्या पाऊण तासात वर येतो. शोधकाम करणारा वर येतो, पुन्हा जातो, पुन्हा जातो. अंगावर चरबी नसलेल्या माणसाला तर एक पायरी जास्तच लागते.

आमचं मत कोणी विचारलं नव्हतं, पण ते पाचच्या बाजूचं होतं. ठरलं ते असं : नानांना पाच, पोरांना तीन. अर्ध्या बाह्यांचा स्वस्त सूट कोणालाच नाही. बाभळीचा काटा ढोपर पाहून टोचत नाही.

[सुटाच्या शिवणी, उलट्या-सुलट्या.]

साध्या सपाट शिवणीत सुई रबराच्या आरपार जाते, प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. कोमट समुद्राला ते चालतं. पाच मिलिमीटरच्या सुटाला आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीतच सुई फिरवलेली शिवण हवी. दुकानात सूट उलटा करून पाहिला की कळतं.

[नाना पायात कॅरीबॅग घालतात.]

बाजाराची पिशवी पायात घातली की रबर सरसर वर चढतं. नाना तेल लावायला निघाले होते. ग्रीस, पेट्रोलियम जेली असलं काही नको, त्याने निओप्रिन खराब होतं. ओढायचं तेही बोटांच्या पेरांनी, नखाने नाही. नखाची चंद्रकोर कायमची उमटते.

आता परीक्षा. हात वर. उकिडवे बसा. मागे, कमरेच्या खळग्यात बोट घालून पाहा, पोकळी नको. काखेत नको, जांघेत नको. दीर्घ श्वास घ्या. छाती अडली तर सूट लहान. कोरड्यावर तो घट्ट वाटणारच, पाण्यात थोडा सैलावतो. एका गोष्टीला मात्र हयगय नाही : गळा. गळपट्टी फार आवळली तर मानेतल्या शिरेवर दाब येऊन भोवळ येते, आणि पाण्याखाली भोवळ येणं म्हणजे काय ते सांगायला नको.

[नाना सूट घालून उन्हात उभे. घाम.]

चेन शेवटच्या क्षणी लावायची. खानदेशाच्या उन्हात काळं रबर घालून काठावर भाषणं ऐकत उभं राहिलं तर माणूस पाण्याआधी उष्माघाताने पडेल.

[नदीत तिघे. कमरेला शिशाचे पट्टे.]

सूट वर ढकलतो, त्याला तोड म्हणून कमरेला शिसं बांधतात. सूट बदलला की शिसंही बदलतं. पोरं मालवणचा आकडा पाठ करून आली होती. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. सामानासकट १०० किलो भरणाऱ्या माणसाला तापीत अडीच किलो शिसं कमी पुरतं. तो फरक विसरून पहिला पोरगा दगडासारखा खाली गेला, दोराने वर ओढला. मग शांतपणे : नेहमीसारखा श्वास भरून धरायचा, पाणी डोळ्यांच्या रेषेला आलं पाहिजे. एक ठोकळा काढला, दुसरा काढला. सिलिंडर संपत येतं तेव्हा त्यातली अडीच-तीन किलो हवा खर्च झालेली असते, म्हणून ही चाचणी रिकाम्या होत आलेल्या सिलिंडरवर घेतात. १० मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे चेपतात, सूट पातळ होतो, ऊबही घटते. जाड सुटाला हा फरक जास्त, त्यामुळे नानांना खाली गेल्यावर तरंग सांभाळणाऱ्या जाकिटात थोडी हवा भरायला शिकावं लागलं. या वयात. त्या शिकवणीचे चार दिवस इथे दीड मिनिटात आहेत.

[पाण्याखालचं चित्रण : हिरवट गढूळ, एक हात, सळई, काळ्या बाहीवर ओरखडा.]

कातडीऐवजी रबरावर.

पुराच्या किंवा गटारमिश्रित पाण्यात मात्र हा सूट रोग अडवत नाही. पाणी आत येतं, म्हणजे जंतूही येतो, आणि लेप्टोस्पायरोसिसला एक खरचटा पुरतो. तिथे ड्रायसूट लागतो. त्याची किंमत ऐकून ओसरीवर कोणी पुढचा प्रश्न विचारला नाही. सिलिंडर भरून आणायला कुठवर जावं लागतं, तेही या फितीत नाही, त्या दिवशी कॅमेरा सोबत नव्हता.

शूटिंगच्या नवव्या दिवशी दुपारी फोन आला. ४० मिनिटांत शोध संपला. ते आम्ही चित्रित केलेलं नाही.

[संध्याकाळ. अंगण. खाटेवर कुरडया. कडुनिंबाखाली रुंद हँगरवर उलटा लटकवलेला सूट, थेंब गळतायत.]

सूट गोड्या पाण्याने धुवायचा, उलटा करून वाळवायचा, घडी घालून पेटीत कोंबायचा नाही. उन्हाने रबर तडकतं. काकूंनी सकाळी कुरडयांची खाट सावलीतून उन्हात ओढली होती, आता सूट उन्हातून सावलीत ओढला.

[शिंपीदादांची वही. निळ्या शाईत सात रकाने.]

चार सूट आले. एक नानांचा, तीन पोरांचे. उरलेल्या तिघांची मापं या पानावर आहेत, छातीच्या आकड्यापुढे दादांनी कंसात लिहून ठेवलंय : बोटं काढून.