उलटा कूलर

(एप्रिलमधल्या एका संध्याकाळी नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि असल्या उकाड्यात घरचा कूलर सोडून इथं आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत माझा विषय छापला आहे, 'जुन्या गाडीची घरच्या घरी देखभाल : सहा कामं आणि त्यांचा हिशेब'. सहा कामांवर मी येणारच आहे. त्याआधी एक विचारतो, खरं सांगा. यंदा होळी झाल्यावर घरचा कूलर स्वतःच्या हातानं काढला, असे किती जण आहेत? हात वर करा. पाहा! जवळजवळ सगळेच. तिसऱ्या रांगेतल्या काकांनी दोन्ही हात वर केले, त्यांच्याकडे दोन असतील.

आता दुसरं. गेल्या वर्षभरात आपल्या गाडीचं बोनेट किती जणांनी उघडलं? चार. एक हात अर्धाच वर आहे. काचेवर मारायचं पाणी भरायला उघडलं असेल तर अर्धाच धरू.

मी आज बोलायला उभा आहे तो याच्यासाठी. नागपूरचा माणूस माळ्यावरून कूलर उतरवतो, टाकीतला गाळ खरवडतो, बुडाला गंज असला तर काळा रंग मारतो. ताट्या उघडून जुनं गवत फेकतो, नवं भरतो. पंपाला फुंकर मारून पाहतो, पंख्याच्या बुशमध्ये तेलाचे दोन थेंब सोडतो, कंडेन्सर गेला असेल तर पायात चपला घालून तोही बदलतो. एखादा झटका खातो. या सगळ्यासाठी त्याला कोणी सर्टिफिकेट दिलेलं नसतं. आणि याच माणसाच्या गाडीत एक लाल दिवा लागला की तो असा उभा राहतो, जसा काही आत पेशंट ठेवलाय आणि डॉक्टर बाहेर यायचेत.

अरे बाप्पा, गाडीच्या नाकाशी जो रेडिएटर बसवलाय तो दुसरं काय आहे? कूलर आहे. फक्त उलटा. घरच्या कूलरमध्ये पाण्यानं हवा गार करायची, गाडीत हवेनं पाणी गार करायचं. तिथं पंप, इथं पंप. तिथं पंखा, इथं पंखा. तिथं ताटी, इथं बारीक नळ्यांची जाळी. फरक एकच आणि तो मोठा आहे. घरचं पाणी उघडं असतं, त्यातलं थोडं उडून जातं, म्हणून तर हवा गार होते. गाडीतलं पाणी बंद असतं, दाबाखाली असतं. रेडिएटरच्या झाकणावर पाहा, 0.9 लिहिलेलं सापडेल. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 0.9 किलोचा दाब ते झाकण धरून ठेवतं. त्या दाबामुळे पाणी 100 अंशांना उकळत नाही, 118-120 च्या आसपास उकळतं. म्हणून गरम इंजिनाचं झाकण कधी उघडायचं नाही. ही माझ्या हातावरची खूण पुढच्या रांगेला दिसत असेल. मागच्यांनी विश्वास ठेवा.

माझी गाडी मारुती आठशे आहे, 1997 ची, एमएच 31. याच गाडीच्या पहिल्या मालकाला इंदिरा गांधींनी 14 डिसेंबर 1983 ला किल्ली दिली होती. म्हणजे माझ्या नाही, मॉडेलच्या. 2014 च्या जानेवारीत कंपनीनं ती बनवणं थांबवलं. तीन सिलिंडर, 796 सीसी. बोनेट उघडलं की इंजिनाच्या आजूबाजूला खालची जमीन दिसते, हात सहज आत जातो. आजकालच्या गाडीत वर एक प्लास्टिकचं झाकण असतं, त्यावर कंपनीचं नाव असतं, आणि दर्शन तिथंच संपतं.

तर या गाडीनं मला जे शिकवलं ते मे महिन्यात, रामटेकच्या रस्त्यावर. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागलेला. सासूबाईंचा काही नवस होता, तो त्यांना त्याच आठवड्यात फेडायचा होता. मी म्हटलं, पाऊस पडल्यावर जाऊ. त्या म्हणाल्या, "देवाले आपण पावसाचं कारण सांगावं काय?" निघालो. मी, बायको, मागे सासूबाई, त्यांच्या डोक्यावर ओला दुपट्टा, प्रत्येकाच्या खिशात कांदा. सासूबाईंचा कांदा कमरेला खोचलेला.

कामठीपर्यंत इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध होता. कामठीत ट्रकांची रांग लागली आणि आम्ही पावलापावलानं सरकायला लागलो. दहा मिनिटांत काटा वर चढला. रस्ता मोकळा होऊन गाडी पळायला लागली की काटा खाली यायचा. कन्हानच्या अलीकडे पुन्हा गर्दी, पुन्हा काटा वर. इथं जरा थांबा आणि हे लक्षात ठेवा, कारण रोगाचं निदान इथंच झालेलं होतं, फक्त डॉक्टर मठ्ठ होता. पळताना गार, थांबली की गरम.

मी कुठंतरी वाचलं होतं की इंजिन तापलं तर गाडीचा हीटर लावावा. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनाची गरमी तो गाडीत ओढून घेतो. शास्त्र एकदम बरोबर आहे. तर मंडळी, मे महिन्यात, दुपारी दीड वाजता, कन्हानजवळ, मी गाडीचा हीटर फुल्ल केला. एसी आधीच मेलेला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, आणि 30 वर्षांच्या संसारात तिचं न बोलणं काय असतं ते मला कळतं. मागून आवाज आला, "जवाईबापू, गाडीले आग लागली काय?" मी म्हटलं, "नाही आई, गाडी गार करून राहिलो." पुढचे दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही.

काटा खाली आला, हे मात्र नमूद करा. पण मग वाफ दिसली, म्हणून बाभळीखाली थांबलो. सासूबाईंनी पन्ह्याचा थर्मास पुढे केला, "हे टाका नं त्याच्यात." मी म्हटलं, साखर आहे हो आई. त्या म्हणाल्या, "गूळ आहे." अर्धा तास थांबून, झाकण हाताला सोसेल इतकं निवल्यावर, प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या आणि रामटेक गाठलं. नवस फिटला. माझ्याबद्दल देवाजवळ काय बोलणं झालं ते मला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये. नाव घेत नाही, तुमच्यापैकी अर्धे त्याच्याकडेच जात असाल. त्यानं झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, हेड गॅसकेट गया." म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधली सीलची पट्टी गेली. चौदा हजार. मी दिले. आठवड्यानं व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी पुन्हा तापली.

त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा एक काम केलं, जे कूलरसाठी आपण रोज करतो. इंजिन चालू ठेवून, बोनेट उघडून, नुसता बघत उभा राहिलो. काटा वर गेला. पंखा फिरेना. बस्स, एवढंच! कूलरचा पंखा फिरत नसला तर आपण काय म्हणतो, ताट्या बदला म्हणतो काय? आठशेचा पंखा बेल्टवर नाही, विजेवर चालतो. पाणी ठरावीक तापलं की एक छोटा स्विच त्याला चालू करतो. मी त्या स्विचच्या तारा काढून सरळ एकमेकींना जोडल्या. पंखा असा घरघरला की बायको वरून म्हणाली, "कूलर लावला का?" स्विच मेला होता, पंखा धडधाकट. नवा स्विच काही शेकड्यांत आला. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा जाळीतून जातो, पंखा लागतच नाही, म्हणून पळताना गार. थांबली की सगळी मदार पंख्यावर. उलटं असेल, म्हणजे हळू चालताना ठीक आणि हायवेवर तापते, तर पंख्याला सोडा, जाळी चोंदली असेल किंवा थर्मोस्टॅट अडकला असेल.

थर्मोस्टॅट! यावर मला बोलायचंच आहे. अध्यक्ष घड्याळ बघताहेत, पण हे माझं जुनं दुखणं आहे. हेड गॅस्केट बदलताना त्या माणसानं माझा थर्मोस्टॅट काढून टाकला. न विचारता. मी म्हटलं, कुठे गेला? तर म्हणे, "अंकल, वो तो ठंडी जगह का आयटम है. अपने नागपूर में क्या काम?" हे मी एकट्या त्याच्याकडून ऐकलेलं नाही. गावभर हीच समजूत आहे. आता हिशेब करा. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतला दरवाजा. इंजिन गार असताना बंद, म्हणजे इंजिन लवकर तापावं. पाणी 82 अंशांना आलं की तो उघडायला लागतो, पुढे पूर्ण उघडा. आपल्या गावात 23 मे 2013 ला 47.9 अंश झालं होतं. बेक्कार ऊन, कबूल आहे. पण 47.9 म्हणजे 82 नव्हे. अजून तरी नाही! तो काढला की डिसेंबरात सकाळी इंजिन गारठलेलंच चालतं, पेट्रोल जास्त पितं, तेलात ओल साचते. ज्याचा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला त्यानं तो जरूर काढावा, पण मग नवा घालावा. बिघडलेला थर्मोस्टॅट ओळखायचा असेल तर पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्यानं तो त्यात टांगा, गॅसवर ठेवा. उकळी येईपर्यंत डोळ्यांदेखत उघडला तर चांगला. पातेलं मात्र जुनं घ्या. मी चहाचं घेतलं होतं.

आणखी एक, कूलरवाल्यांना हे सांगावंच लागणार नाही. जून संपताना ताटीवर पांढरी खपली धरते ना, करकरीत? बोअरच्या पाण्यातले क्षार. तुम्ही रेडिएटरमध्ये नळी लावून बोअरचंच पाणी भरता, तेव्हा तीच खपली त्या बारीक नळ्यांमध्ये धरते, आणि तिथं ब्रश जात नाही. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं-निम्मं. कूलंट म्हणजे नुसता हिरवा रंग नव्हे. त्यानं गंज थांबतो आणि उकळबिंदू आणखी वर जातो. तेही दोन-तीन वर्षांनी बदलायचं असतं.

आता हाही त्रास उन्हाळ्याचाच, पण पाण्याचा नाही. कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं जुनं यंत्र असलेली गाडी गरम झाल्यावर बंद केली आणि पंधरा-वीस मिनिटांनी सुरू केली तर सुरू होत नाही. स्टार्टर कुथतो, इंजिन धरत नाही. बंद झालेल्या इंजिनाची गरमी वर येते, पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंप बिचारा वाफ ओढत बसतो. जुन्या फियाटवाल्यांना हे ठाऊक आहे. औषध काय, तर पेट्रोल पंपावर ओला फडका. इंजिनावरच्या हं, वाडीत आपण पेट्रोल भरतो त्या नाही. पाच मिनिटं ठेवा, मग मारा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. सहा कामं राहिली, हो. पळवतो.

तेल : दर 5000 किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. तेल कोमट असताना काढा, सोबत फिल्टर बदला. जुनं तेल नालीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा : काढून पाहा, टोक विटकरी दिसलं तर समाधानानं परत लावा, काळं काजळ असेल तर कार्बोरेटर जास्त पेट्रोल पाजतोय. लावताना आधी हातानं फिरवा, पाना शेवटी. पान्यानं सुरुवात केली की ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग चौदा हजारवाला तुमची वाट पाहतच असतो. बॅटरी : टर्मिनलवरची हिरवी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुवा, वर व्हॅसलीन. उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघा, डिस्टिल्ड. तार काढताना आधी उणे, लावताना उणे शेवटी. एअर फिल्टर : आपल्याकडची धूळ पाहता लवकर झटका. रबरी नळ्या : हे नवीन आहे, नीट ऐका. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. तो पाणी ओढतो आणि जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या दाबून पाहा, कडक झाल्या किंवा चिरा दिसल्या तर वाट पाहू नका, पेट्रोल गळून आग लागते. सहावं, टायरची हवा. ते काय सांगायचं.

काय करायचं नाही ते मात्र सांगू द्या. ब्रेक शिकल्याशिवाय उघडायचे नाहीत. टायमिंग बेल्ट मिस्त्रीकडेच. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, कधीच नाही. घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड लावा, चाकांमागे विटा लावा. जॅक चाक बदलायला दिलेला असतो, जीव टाकायला नाही.

हिशेब : तेल, फिल्टर, प्लग, कूलंट धरून माझा वर्षाचा खर्च त्या एका हेड गॅस्केटच्या अर्ध्याहून कमी. पण सरकारी बाजूही धरा. 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची, फिटनेस दाखवायचा. 2022 च्या एप्रिलपासून त्या नव्या नोंदणीची फी 600 वरून 5000 झाली, आणि 20 वर्षांपुढच्या कारला 2025 मध्ये 10,000. माझी त्यात बसते. बायको म्हणते, त्यात दोन नवे कूलर येतील.

अजून एक चिठ्ठी? थांबतो, थांबतो. नाही, ही वेळेची नाही. फाटकात एक पांढरी आठशे आडवी लागली आहे, डॉक्टरसाहेबांची गाडी अडकली आहे, लवकर काढावी.

माझीच आहे. यायला उशीर झाला म्हणून तशीच लावून पळत आलो. बंद करून पाऊण तास झाला, इंजिन अजून गरमच असणार. कोणाकडे ओला रुमाल आहे काय?