हातचं पत्र

नमस्कार, श्रोतेहो.

आजचा विषय ऐकायला भारदस्त आहे. युरोपातल्या ज्ञानोदयाच्या काळाचा, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातला, राजकीय विचार आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफर्सनची गुलामगिरीबद्दलची मतं. पण मला तुम्हाला न्यायचंय ते जेफर्सनच्या स्वयंपाकघरात, त्यामुळे विचाराचं लवकर उरकतो.

इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाला, जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे जन्मजात हक्क. राजाने दिलेले नव्हेत. या लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते, तेही ऐकून ठेवा. १७७६ साली जेफर्सनने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिलं, सगळी माणसं समान आहेत. गुलामगिरीला तो नैतिक कलंक म्हणायचा. आणि आयुष्यभरात त्याच्या मालकीची माणसं किती? सहाशेच्या वर. सहाशेच्या वर!

त्यांतलाच एक जेम्स हेमिंग्ज. नात्याने जेफर्सनच्या बायकोचा सावत्र भाऊ. बाप एकच, पण आई गुलाम, म्हणून मुलगा गुलाम. १७८४ मध्ये जेफर्सन सरकारी कामगिरीवर पॅरिसला निघाला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या जेम्सला बरोबर घेतलं. कशासाठी? फ्रेंच स्वयंपाक शिकायला. पोरगा शिकला, घरचा मुख्य आचारी झाला, पदरच्या पैशांनी शिक्षक लावून फ्रेंच भाषाही शिकला. आता गंमत बघा. पॅरिसमध्ये गुलामाने कोर्टात अर्ज केला की तो सुटायचा. जेफर्सनला हे ठाऊक होतं. दुसऱ्या एका मालकाने विचारलं, तर याने सल्ला दिला, गप्प राहिलेलं बरं!

१७८९ साली दोघंही अमेरिकेत परतले. चार वर्षांनी जेफर्सनने लेखी कबूल केलं, जेम्सला मुक्त करीन. पण अट अशी की आधी दुसऱ्या कुणाला तरी तयार कर. म्हणजे आपल्या जागी माणूस उभा कर आणि मग जा. जेम्सने धाकट्या भावाला, पीटरला, सगळं शिकवलं. (आपल्याकडे आमटीत काय घातलं ते सुनेलाही न सांगणारी माणसं आहेत. मी तर म्हणतो, पाककृती लपवणं हा गुन्हाच मानावा. असो.) १७९६ च्या फेब्रुवारीत जेम्स सुटला. जाण्यापूर्वी त्याने स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी केली. तांब्याची पातेली, झाकणं, साचे, सगळं मोजून. ती यादी त्याच्या अक्षरात आजही जपलेली आहे. तांब्याची पातेली म्हटली की मला कल्हईवाला आठवतो. आता दारावर येतो का हो कुणी?

पुढे १८०१ मध्ये जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याला जेम्सच्या हातची चव आठवली. त्याने मधल्या माणसामार्फत निरोप धाडला, ये म्हणून. जेम्स तेव्हा बाल्टिमोरमध्ये काम करत होता. त्याने उलटा निरोप दिला. पगार किती, अटी काय, हे तुमच्या स्वतःच्या हाताने दोन ओळींत लिहून पाठवा, मग येतो. लक्षात घ्या, स्वतःच्या हाताने.

जेफर्सनने आयुष्यात सुमारे १९ हजार पत्रं लिहिली. जेम्सला मात्र त्या दोन ओळी गेल्या नाहीत. राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंपाकघरात एक फ्रेंच आचारी नेमला गेला. जेम्स त्याच वर्षी वारला, छत्तीस वर्षांचा.

नमस्कार.