दगड फोडताना

(दृश्य: पेन्सिलचं टोक, कोऱ्या चौकटी)

आडवा शब्द, तीन अक्षरी. क्लू असा: ‘फोडलेला दगड मुळीच फिका नाही.’

वाचल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? छिन्नी, हातोडा, खाणीतली धूळ. क्लू रचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

(दृश्य: कागदाचे तीन तुकडे, त्यांवर एकेक अक्षर)

द. ग. ड. आता बोटं पाहा. डगद… गदड… गडद.

गडद, म्हणजे मुळीच फिका नाही असा. उत्तर मिळालं आणि क्लूमधला एक शब्दही शिल्लक राहिला नाही. क्रिप्टिक, म्हणजे गूढ क्लूंच्या, शब्दकोड्याची सगळी गंमत इथे आहे. साध्या कोड्यात शब्द येत असेल तर लिहायचा, नाहीतर पुढे जायचं. इथे उत्तराकडे दोन वाटा जातात. एक सरळ अर्थाची, ती क्लूच्या सुरुवातीला नाहीतर शेवटी सापडते. दुसरी अक्षरांच्या खेळाची. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी आल्या की उत्तर बरोबर आहे का, हे कुणाला विचारावंच लागत नाही.

‘फोडलेला’ हा खुणेचा शब्द. विस्कटलेला, बिघडलेला असं काही दिसलं की अक्षरं हलवायची. मराठीत काना-मात्रा अक्षराला चिकटूनच फिरतात, म्हणून दगड-गडद अशी जोडी हाती लागणं हे रचणाऱ्याचं मोठं भाग्य. ‘उलटा’ दिसलं की शब्द शेवटाकडून वाचायचा. आणि ‘आत’ दिसलं की…

(दृश्य: दुसरा क्लू, पेन्सिल अक्षरांखालून सरकते)

‘काका, वळा! आत बसलाय पक्षी.’

पहिला ‘का’ सोडा. स्वल्पविराम विसरा. कावळा आपल्यासमोरच बसलेला होता.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्रातलं कोडं)

पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात छापलं. आकार पत्त्यांतल्या चौकटचा. त्याला हे गूढ वळण मिळालं ब्रिटनमध्ये, १९२० च्या दशकात. तिथे कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी टोपणनाव घेतलं टॉर्कमाडा, म्हणजे स्पेनमधल्या छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या धर्मन्यायाधीशाचं. १९३९ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्राची कोडी त्यांच्याकडून डी. एस. मॅकनट यांच्याकडे आली. ‘झिमेनेस’ या नावाने त्यांनी खेळाला शिस्त लावली: सोडवणाऱ्याला खुशाल चकवावं, पण क्लूमध्ये अन्याय नको. १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’चं कोडं १२ मिनिटांत सोडवण्याच्या स्पर्धेतून काही जणांना ब्लेचली पार्क या युद्धकाळातल्या ब्रिटिश केंद्रात शत्रूचे गुप्त संदेश उलगडायला बोलावणं आलं.

(दृश्य: अर्धवट भरलेलं कोडं, खोडरबराचा चुरा)

अडलात तर कृपा करून उत्तर पाहू नका. कोडं बाजूला ठेवा. आपलं मन वाक्याच्या अर्थाला घट्ट धरून बसतं. थोड्या वेळाने ती पकड सुटते आणि तोच क्लू वेगळ्या जागी तुटतो. जिथे सलग वाचलं होतं तिथे थांबावं, जिथे थांबलो होतो तिथे सलग वाचावं. त्या क्षणासाठी दोन दिवस थांबायची माझी तयारी असते.

(दृश्य: शेवटचा उभा शब्द, चार चौकटी. खालच्या चौकटीत ‘र’ आधीच भरलेला)

‘राज्य चालवते गुरुजींची गाडी.’

(पेन्सिल थांबलेली. निवेदन नाही.)