उचल

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती आठ-दहा दिवसांवर आलेत. ठाण्यात जांभळी नाक्यावर पाय ठेवायला जागा नाही, नौपाड्यात मखरांची दुकानं लागलीत. याच दिवसांत इथून दीड-दोन तासांवर, मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्यांवर दुसरीच वर्दळ सुरू होते. वीटभट्टीच्या मुकादमाची मोटारसायकल फिरू लागते. विषय बालमजुरीचा आहे आणि मी मोटारसायकलीचं काय घेऊन बसलो, असं वाटेल. पण माझी सगळी नोकरी बँकेत कर्जाच्या टेबलावर गेली. मला माणूस दिसायच्या आधी त्याचा हप्ता दिसतो, त्याला आता इलाज नाही.

भाताची लावणी आटोपलेली असते, कापणीला अवकाश असतो. भाद्रपदात वाडीवर काम नाही, घरात दाणा नाही, सण तोंडावर आणि घरात कोणीतरी तापानं फणफणलेलं. अशा वेळी मुकादम पैसे देतो. कागद नाही, जामीन नाही, अर्ध्या तासात रोख. याला म्हणतात उचल, कुठे बयाणा. फेड अशी की, दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचं आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत विटा थापायच्या. आठवड्याच्या बाजाराला खर्ची मिळते, तीही खात्यावर चढते. शेवटी हिशेब होतो. उचल फिटली तर हातात चार पैसे, नाही फिटली तर बाकी पुढच्या सालावर. उचलीपायी माणूस असा बांधून ठेवणं ही वेठबिगारीच, आणि तिच्याविरुद्धचा कायदा 1976 सालचा आहे.

आता यात मूल कुठे आलं? मजुरी ठरते हजारावर. हजार विटांना अमुक रुपये. किती हातांनी थापल्या, हे कोणी विचारत नाही. नवरा-बायको पहाटे अंधारात थापायला बसतात, थोरला गारा वाहतो, धाकटं पोर त्याहून धाकट्याला सांभाळतं. पडघ्याच्या पुढे एका भट्टीवर मी सात-आठ वर्षांची पोरगी पाहिली. आडव्या वाळत घातलेल्या विटांच्या ओळीवरून ती चालत होती आणि वाकून एकेक वीट उभी करत होती. मोठं माणूस तिथे चाललं तर कच्ची वीट दबते. तिच्या वजनानं दबत नव्हती, एवढीच तिची पात्रता. मालकाला विचारलं तर त्यानं वही पुढे केली. ‘साहेब, यात एक पोर दाखवा.’ वही खरोखर स्वच्छ होती. बापाचं नाव, उचल, खर्ची, हजार. चार माणसांचे श्रम एका नावावर.

कौशिक बसू आणि फाम होआंग व्हान या अर्थतज्ज्ञांनी 1998 साली हे कोडं नीट मांडलं. गरीब आईबापसुद्धा पोटापुरती मिळकत झाली की पोराला कामावरून काढून घेतात, असं ते धरून चालतात. पोरांना कामाला लावतात ती आईबापाची हौस नव्हे. पण गोम पुढे आहे. पोरं कामाला असतात म्हणून मोठ्यांचा दर पडतो, आणि दर पडलेला म्हणून पोरं कामाला लागतात. भट्टीवर हे मला उघड दिसलं. हजाराचा दर ठरतानाच त्या पोरीचे हात त्यात धरलेले असतात. एकट्या घराने ‘आमची पोरं नाहीत येणार’ म्हटलं, तर विटा कमी पडतात आणि उचल अंगावर राहते.

बालमजूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चहाच्या टपरीवरचा छोटू येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांचा 2024 सालचा अंदाज सांगतो की जगात 13.8 कोटी मुलं मजुरीत आहेत आणि त्यांतली 61 टक्के शेतीकामात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतच 8.7 कोटी. छापा घालायला तिथे ना टपरी, ना कारखाना.

आणि नुसत्या बंदीच्या धाकानं काय होतं, ते बांगलादेशात दिसलं. मुलांनी शिवलेले कपडे अमेरिकेत येऊ द्यायचे नाहीत, असं विधेयक तिथे आलं, आणि त्याच्या धास्तीनं 1993 च्या सुमारास ढाक्यातल्या कारखान्यांनी हजारो मुलं काढून टाकली. शाळेत जाण्याऐवजी त्यांतली कितीतरी खडी फोडायला गेली. मेक्सिकोनं 1997 पासून वेगळा हिशेब केला. मूल शाळेत गेलं की आईच्या हातात पैसे. वरच्या वर्गाला जास्त, आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींना मुलांपेक्षा जास्त. मूल शाळेत गेल्यानं घराचं जे बुडतं, ते निदान काही भरून द्यायचं.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेनं 1990 च्या दशकात ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या. सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, गाव सोडणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली, मात्र शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत चालते असंही म्हटलं. भट्टी काही कातकऱ्याच्या घरचा धंदा नव्हे. तरी ‘घरच्यांबरोबरच तर आहे’ हे वाक्य तिथे सर्रास ऐकू येतं. हे सगळं दिवाळीनंतरचं झालं. भाद्रपदात पैसे कोण देणार, याचं उत्तर यात नाही.

एकदा ऑगस्टात एक गडी माझ्या टेबलासमोर उभा राहिला. आठ हजार हवे होते. जमीन नाही, पगार नाही, जामीनदार नाही. ‘बसा’ म्हटलं तरी बसला नाही. मी नियमाप्रमाणे शेरा लिहिला: परतफेडीची क्षमता नाही. मुकादमाला ती बरोबर दिसली असणार. नवरा, बायको आणि तीन पोरं.

नमस्कार.