कॅमेरा कुणाच्या जिवावर चालतो?

उपस्थित रसिक श्रोतेहो,

संयोजकांनी आजच्या व्याख्यानासाठी ‘आयुष्यभराचा एक कॅमेरा’ हा विषय सुचवला, तेव्हा मला बेळगावच्या शहापुरातल्या त्या स्टुडिओच्या मामांची आठवण झाली, ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवरची पहिली पाळी संपवून मी संध्याकाळी त्यांच्या डार्करूममध्ये हायपोचे, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाचे, ट्रे धूत असे. स्वतःचा कॅमेरा घ्यायचे ठरले तेव्हा कोणता घेऊ असे मी त्यांना विचारले. कंपनीचे नाव किंवा किंमत काहीही न सांगता ते एवढेच म्हणाले, ‘‘तो कॅमेरा कुणाच्या जिवावर चालतोय, ते आधी बघ की.’’ आज मी जे मांडणार आहे, ते याच वाक्याच्या आधाराने.

आमच्या घरी थोरल्या भावाने घेतलेला एक रेंजफाइंडर, म्हणजे वेगळ्या खिडकीतून पाहून अंतर जुळवायचा, कॅमेरा होता. त्याची लेन्स फार सुरेख होती, पण शटरचा वेग, म्हणजे फिल्मवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा ते, आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवत असे आणि त्या सर्किटाला पाऱ्याचा सेल लागत असे. पारा विषारी म्हणून असे सेल बनवणे पुढे जगभर थांबत गेले. कॅमेऱ्याचा एकही भाग झिजला नव्हता, तरीही बोटाच्या पेराएवढा सेल मिळेना म्हणून तो चामड्याच्या पेटीसकट कपाटात गेला. दुसरे सेल जुळवून असे कॅमेरे चालवता येतात हे मला बऱ्याच वर्षांनी कळले, पण तोपर्यंत लेन्सच्या आत बुरशीची जाळी पसरली होती. त्या कॅमेऱ्याने मला मामांच्या वाक्याचा अर्थ शिकवला, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे.

मी स्वतःसाठी निवडला तो निकॉन एफएम२. हे मॉडेल १९८२ साली बाजारात आले. माझ्या हाती आले ते त्याचे सुधारित रूप, तेही वापरलेले, मुंबईच्या बोरा बाजारातून घेतलेले. यंत्रावर हात बसलेल्या माणसाला या कॅमेऱ्याविषयी आदर का वाटतो, ते जरा सविस्तर सांगतो. त्याच्या शटरला पातळ धातूच्या पात्यांचे दोन पडदे आहेत आणि ते वरून खाली धावतात. सेकंदाच्या १/२५० व्या भागापर्यंतच्या वेगाला पहिला पडदा पूर्ण उघडतो आणि मग दुसरा सुटतो, पण त्याहून जलद वेग लावला की पहिला पडदा पुरता खाली पोहोचण्याआधीच दुसरा निघतो, आणि दोहोंमधली फट फिल्मवरून सरकत जाते. १/४००० सेकंदाला ही फट दोन मिलिमीटरहूनही अरुंद असते. एवढे नाजूक गणित या कॅमेऱ्यात केवळ स्प्रिंगा, दातेरी चक्रे आणि तरफांच्या जोरावर साधले आहे. दोन छोटे बटणसेल लागतात, ते फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला. ते काढून ठेवले तरी एक सेकंदापासून १/४००० पर्यंतचे सगळे वेग चालतात. आणि मीटर नसला तरी अडत नाही, कारण आपल्याकडच्या स्वच्छ उन्हात १०० आयएसओची (प्रकाश टिपण्याच्या क्षमतेचे माप) फिल्म, एफ१६ (लेन्सचे छिद्र बारीक) आणि १/१२५ सेकंद एवढे पाठ असले की पुरते.

मात्र कॅमेरा स्वतःच्या पायावर उभा असला तरी फिल्म तशी असतेच असे नाही. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म जगभर नावाजलेली होती, पण तिचे रंग धुलाईच्या वेळीच तयार होत, आणि ती धुलाई फार गुंतागुंतीची असल्यामुळे मोजक्याच प्रयोगशाळांत होत असे. कोडॅकने २००९ मध्ये ती फिल्म बंद केली, २०१० च्या अखेरीस अमेरिकेतल्या शेवटच्या प्रयोगशाळेनेही रोल घेणे थांबवले, आणि ज्यांच्याकडे वापरलेले रोल शिल्लक होते त्यांना ते मूळच्या रंगांत धुऊन मिळण्याची सोय राहिली नाही. म्हणून मी कृष्णधवल फिल्मवर स्थिरावलो. डी-७६ हे प्रसिद्ध डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारे द्रावण, एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स घालून घरी करता येते. बोरॅक्स म्हणजे सोनार डाग देताना वापरतात तो टाकणखार. द्रावण २० अंशांवर ठेवायचे असते. बेळगावच्या हिवाळ्यात ते सहज साधते, एप्रिल-मेमध्ये मात्र भांड्याभोवती बर्फ ठेवावा लागतो.

इथे कुणी म्हणेल की आजच्या तरुणाला फिल्मचा आग्रह धरणे योग्य नाही. तो मी धरत नाही. फिल्म महाग झाली आहे, आणि बाळाची रोजची छबी टिपणाऱ्या आईला छत्तीस चित्रांचा रोल देणे व्यवहाराला धरून नाही. डिजिटल कॅमेऱ्यालाही तोच प्रश्न विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याची बॅटरी त्या त्या कंपनीच्या खास मापाची असते आणि न वापरताही ती काळानुसार क्षीण होते. माझ्या एका डिजिटल कॅमेऱ्याला अकरा वर्षे झाल्यावर सुटे भाग येत नाहीत असे दुरुस्तीकेंद्राने कळवले, आणि तिथे लेथवर काम केलेल्या माझ्या हातांचा काहीच उपयोग नव्हता. म्हणून डिजिटल घ्यायचाच असेल तर ज्याची बॅटरी एकाच कंपनीच्या अनेक मॉडेलांना चालते असा घ्यावा, एक जादा बॅटरी ठेवावी, आणि निवडक चित्रे कागदावर छापून ठेवावीत. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली आपल्या टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याची छायाचित्रे शंभर वर्षांनंतर आपण पाहू शकतो, कारण छापलेले चित्र पाहायला उजेडावाचून दुसरे काही लागत नाही.

आता लेन्सविषयी. एकच कॅमेरा आयुष्यभर ठेवणारा माणूस खरे तर माणसांपासून किती अंतरावर उभे राहायचे, ते निवडत असतो. बहुतेक जण ५० मिलिमीटरची लेन्स सुचवतात; हा आकडा जितका लहान, तितके जास्त दृश्य चौकटीत मावते. मी ३५ निवडली, आणि त्याचे कारण आपले गाव आहे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री गल्लीत उभे राहिल्यावर मागे सरकायला जागा नसते. चार मीटरवरून ५० च्या लेन्समध्ये आडवे जेमतेम २.९ मीटर मावते, ३५ मध्ये ४.१ मीटर. चित्ररथावरचा मावळा आणि त्याच्याकडे मान वर करून पाहणारे पोर एका चौकटीत यायचे, तर हा फरक मोठा आहे. वडगावात विणकरांच्या घरी माग आणि त्यावर बसलेला माणूस अशी दोघांची खोली असते, तिथेही हाच अनुभव येतो. ३५ ची एक मर्यादा सांगायलाच हवी. तिने फार जवळून चेहरा घेतला तर नाक मोठे दिसते. त्यामुळे आजीचे छायाचित्र दीड मीटरवरून घ्यावे लागते आणि तिच्यासोबत तिची चूल, तिची भांडीही चित्रात येतात. मला ते अधिक खरे वाटते. इतकी वर्षे एकच लेन्स वापरल्यावर डोळ्याला कॅमेरा लावण्याआधीच चौकट कुठे संपणार ते कळते. दोन-तीन लेन्स घेऊन फिरलो असतो, तर हे ज्ञान मला मिळाले नसते, असे मी खात्रीने सांगतो.

शेवटी पावसाविषयी बोलतो, कारण आपल्या भागात कॅमेरे झिजून मरत नाहीत, ओलीने मरतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या श्रोत्यांना पावसाळ्यातल्या भिंती कशा असतात ते वेगळे सांगायला नको. चामड्याची पेटी ओल धरून ठेवते, म्हणून कॅमेरा तिच्यातून बाहेर काढावा आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी ओल प्यायली असे समजावे. मंद आचेवर तापवले की ते पुन्हा निळे होतात.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी वडिलांचा किंवा काकांचा कॅमेरा पेटीत पडून असेल. नवा शोधण्याआधी तो येत्या रविवारी इथे घेऊन या. येण्यापूर्वी घरी एवढे करा. आत फिल्म नाही याची खात्री करून मागचे झाकण उघडा, लेन्सचे छिद्र पूर्ण मोकळे करा आणि शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहते त्या खुणेवर) दाबून धरून एका बाजूने टॉर्चचा झोत टाका, म्हणजे बुरशीचे धागे असतील तर दिसतील. झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज बोटाला चिकटतो का ते पाहा. तो बदलायचे साहित्य माझ्याकडे आहे. मग वेग एक सेकंदावर लावून बटण दाबा आणि कान जवळ न्या. आतली चक्रे अडखळत, थांबत फिरत असतील तर वंगण सुकले आहे, ते आपण बसून साफ करू. आणि सलग, एकसारखी घरघर होऊन शटर मिटले, तर येताना एक रोल सोबत आणा.