कुंडीचे वजन

[खिडकीतील झाड. वर्तमानपत्रावरील पाने.]

पुण्यातील एका तिसऱ्या मजल्यावरील घरात, पश्चिमेच्या खिडकीपाशी, हे रबर प्लांट उभे आहे. मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू आहे. खोडाच्या खालच्या निम्म्या भागावर आता एकही पान नाही. गळलेली पाने या घरातील आजींनी टाकून न देता वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवली आहेत आणि ती सात आहेत. आठ दिवसांपूर्वी हेच झाड सहा इंची काळ्या कुंडीत होते, दोन वर्षे त्याच कुंडीत वाढले होते आणि त्याच्यावर एकही पिवळे पान नव्हते. मधल्या काळात त्याची कुंडी बदलली गेली.

नवी कुंडी चित्रात उजवीकडे दिसते. ती बारा इंची आहे, पांढऱ्या झिलईची आहे, दिवाणखान्यातील पडद्यांना शोभणारी आहे आणि तिच्या तळाला भोक नाही. अशा भांड्याला मराठीत कुंडी म्हणू नये, पातेले म्हणावे, असे आमचे मत आहे.

[झाड भांड्यातून बाहेर काढताना. मुळे जवळून.]

घरातील मंडळींनी जे केले ते मायेनेच केले. मुळांनी जुन्या कुंडीच्या आतल्या बाजूने गोल वेटोळे घातले होते, त्यामुळे कुंडी बदलण्याची वेळ खरोखरच झाली होती. परंतु त्यांनी जुनी माती नळाखाली संपूर्ण धुऊन काढली, गुंतलेली मुळे ओढून मोकळी केली, दुप्पट रुंदीच्या भांड्यात नवी माती भरली, वरून मूठभर रासायनिक खत टाकले, रोज सकाळी तांब्याभर पाणी घातले आणि झाडाला ऊन मिळावे म्हणून ते या खिडकीत आणून ठेवले. यांतील एखादी गोष्ट झाडाने कदाचित सोसली असती. त्या सगळ्या एकाच दिवशी, आणि त्याही ऐन वैशाखात, त्याच्या वाट्याला आल्या.

आता मुळांकडे पाहावे. जी मुळे फिकट तपकिरी, कडक आणि टोकाशी पांढरी आहेत ती जिवंत आहेत. जी काळपट आहेत ती चिमटीत धरताच त्यांची साल मोज्यासारखी निघून येते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. कॅमेऱ्याला वास टिपता येत नाही; तो साचलेल्या पाण्याचा होता. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो, तो त्यांना मातीच्या कणांमधील हवेतून मिळतो, आणि त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्याचा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथ गतीने पसरतो. पुढचे काम मूळकुजीची बुरशी करते.

ही मुळे ज्या जातीची आहेत तिचे मूळ घर ईशान्य भारतात आहे. मेघालयात खासी आणि जैंतिया लोक याच झाडाची हवाई मुळे ओढ्यांवरून पलीकडे नेऊन त्यांचे जिवंत पूल घडवतात, आणि माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्यांवरून ये-जा करतात. तेच झाड दिवाणखान्यातील शोभेच्या भांड्यात आठ दिवसांत झुकते.

[ओल्या टिपकागदावर मोहरी. भिंगातून.]

मुळांच्या ज्या भागाला सर्वांत मोठी इजा झाली तो भाग कुंडीतून उपटलेल्या झाडावर दिसत नाही, म्हणून हे चित्रण मोहरीचे आहे. डब्यातील मोहरीचे चार दाणे ओल्या टिपकागदावर ठेवून त्यांच्यावर वाटी झाकली की दोन-तीन दिवसांत मूळ फुटते, आणि त्याच्या टोकाच्या थोडे मागे ही पांढरी लव उगवलेली दिसते. हे मूलरोम होत. प्रत्येक मूलरोम हा मुळाच्या सालीतील एकाच पेशीचा बाहेर वाढलेला भाग असतो. त्याचे आयुष्य काही दिवसांचे, फार तर काही आठवड्यांचे असते, आणि टोक पुढे सरकत जाते तसतसे नवे मूलरोम येत राहतात. ते मातीच्या कणांना इतके घट्ट बिलगलेले असतात की मूळ ओढले तर कण सुटण्याऐवजी मूलरोमच तुटतो.

या लवेचा पसारा केवढा असतो हे १९३७ मध्ये हॉवर्ड डिटमर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने मोजून दाखवले. लाकडी खोक्यात चार महिने वाढवलेल्या राय या गव्हासारख्या धान्याच्या एका रोपाची मुळे टोकाला टोक जोडली असता त्यांची लांबी ६२० किलोमीटरच्या आसपास भरली, तर मूलरोमांची संख्या सुमारे १,४०० कोटी आणि त्यांची एकत्र लांबी १०,००० किलोमीटरहून अधिक निघाली. रबर प्लांट म्हणजे राय नव्हे, आणि हे आकडे त्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही नळाखाली मुळे धुताना मातीबरोबर काय वाहून जाते, याची कल्पना त्यांवरून येते.

वरच्या पानांना या घटनेची खबर लगेच लागत नाही. पानांच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून, म्हणजे बारीक छिद्रांतून, वाफ बाहेर पडत राहते, खालून भरपाई होत नाही, आणि माती ओली असतानाही पान मलूल होते. मलूल पान पाहून माणूस आणखी पाणी घालतो. या घरात आठ दिवस नेमके हेच घडले. झाडाने आपल्या परीने पर्णरंध्रे मिटून घेतली, त्यामुळे अन्न तयार होणे मंदावले, आणि शेवटी त्याने आपली सर्वांत जुनी पाने सोडून दिली.

[कात्री, चीक, मातीची कुंडी, बादलीतील कोकोपीट.]

एकदा कुंडी बदललेल्या झाडाला लगेच पुन्हा हलवू नये, हा साधारण नियम आहे आणि तो योग्य आहे. मात्र तळाला भोक नसेल आणि मुळे कुजू लागली असतील, तर नियम मोडावा लागतो. येथे तो मोडला आहे. उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीने फक्त मऊ पडलेली मुळे कापली आहेत. जिवंत भागाला कात्री लागली तेथे पांढरा चीक आलेला दिसतो. हा चीक वड, पिंपळ आणि उंबर या याच्या भाऊबंदांच्या चिकासारखाच असतो आणि हाताला लागला तर खाज सुटते.

नवी कुंडी कुंभाराकडची, भाजलेल्या मातीची, आठ इंची आहे. उरलेल्या मुळांच्या भोवती दोन बोटे जागा राहील एवढीच ती मोठी आहे. मुळे जेथवर पोहोचलेली नाहीत तेथील पाणी कोणी पीत नाही आणि ते तसेच साचून राहते, म्हणून मोठ्या कुंडीत झाड लवकर मोठे होईल ही समजूत आजारी झाडाच्या बाबतीत घातक ठरते. ज्या कारणाने माठ पाणी गार करतो त्याच कारणाने भाजलेल्या मातीची कुंडी मुळांच्या भोवतीची माती लवकर सुकवते. भोके असलेली प्लास्टिकची कुंडीही चालली असती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु आम्हाला मातीची आवडते.

कोकोपीटची कोरडी वीट बादलीत फुगताना दिसते आहे. नारळाच्या काथ्यात क्षार उरलेले असू शकतात, म्हणून ती दोनदा पाणी बदलून पिळून घेतली आहे आणि तांबडी माती, जाड वाळू व थोडे जुने गांडूळखत यांत मिसळली आहे. तळाच्या भोकावर एकच खापरी पालथी ठेवली आहे. विटांच्या तुकड्यांचा जाड थर घालण्याची घरोघरची पद्धत येथे मुद्दाम टाळली आहे, कारण बारीक मातीतील पाणी ती पुरती भिजल्याखेरीज खालच्या भरड थरात उतरत नाही, आणि पाणथळ भाग तळाशी राहण्याऐवजी उलट मुळांच्या जवळ सरकतो. आजींना हे पटलेले नाही.

[कुंडी बादलीत. बुडबुडे.]

कुंडी काठापर्यंत पाण्यात उतरवल्यावर हे बुडबुडे येतात. ते थांबले की माती सर्वत्र सारखी भिजली असे समजावे, कुंडी बाहेर काढावी आणि पुरती निथळू द्यावी. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या झाडांना हा उपाय अधिक लागू पडतो. पुण्या-मुंबईकडे विकली जाणारी कितीतरी झाडे आंध्र प्रदेशातील कडियमहून ट्रकने येतात, त्यांची मुळे अनेकदा चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतात, आणि असा गोळा हलक्या मिश्रणात बसवला की वरून घातलेले पाणी कडेकडेने उतरून जाते. बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा, अशी तहान वरून ओळखता येत नाही.

[दोन सारख्या कुंड्या. आकड्याचा काटा. वही.]

या चित्रणातील सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हा आकड्याचा काटा आहे. घरातील नववीत शिकणाऱ्या नातीने झाडाच्या कुंडीशेजारी तशीच दुसरी कुंडी, तेच मिश्रण भरून, पण झाडाशिवाय ठेवली आहे. रोज सकाळी ती दोन्ही कुंड्या सुतळीच्या शिंक्यात टांगून तोलते. झाडाशिवायच्या कुंडीचे वजन जेवढे घटते ते मातीतून आणि कुंडीच्या अंगातून उडालेले पाणी. झाडाच्या कुंडीत त्याहून अधिक घट झाली तर ते झाडाने प्यायलेले पाणी.

ही युक्ती तीनशे वर्षांची आहे. लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील धर्मगुरू स्टीव्हन हेल्स यांनी १७२४ च्या जुलैमध्ये साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीसह रोज सकाळ-संध्याकाळ तोलले. मातीतून वाफ जाऊ नये म्हणून त्यांनी कुंडीच्या तोंडावर शिशाचा पत्रा बसवला होता. पंधरा दिवसांनी रोप कापून, बुंध्याचे तोंड लिंपून, त्यांनी नुसती कुंडी पुन्हा तोलली, तेव्हा बिनझिलईच्या कुंडीतूनच बारा तासांत दोन औंस पाणी जाते असे त्यांना आढळले. ते वजा करून सूर्यफुलाचा बारा तासांचा बाष्पोच्छ्वास, म्हणजे पानांतून वाफ होऊन गेलेले पाणी, सरासरी वीस औंस, म्हणजे जवळपास पावणेसहाशे ग्रॅम भरला. नातीने झाड कापण्याऐवजी दुसरी कुंडी घेतली, एवढाच फरक आहे.

पहिले दहा दिवस दोन्ही कुंड्यांचे वजन जवळजवळ सारखेच घटले. झाड पाणी पीतच नव्हते. वहीतील हे दोन रकाने पाहिल्यावर रोज तांब्याभर पाणी घालण्याचा आग्रह घरात कोणी धरला नाही. बोटाची दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यायचे, असे ठरले. झाड पश्चिमेच्या खिडकीतून काढून खोलीच्या आत, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही, अशा जागी ठेवले. त्याच्यावरचा पंखा बंद राहिला. अकराव्या दिवशी आठवे पान गळाले.

खत दिले नाही. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावले की तिला पाणी सुटते. मातीत क्षार वाढले की दुबळ्या मुळांची अवस्था त्याहून वेगळी नसते. उरलेली पाने कापून 'भार हलका' करण्याचा सल्लाही पाळला नाही, कारण नवी मुळे वाढवण्यासाठी लागणारी साखर त्याच पानांत तयार होते. ओल्या फडक्याने त्यांच्यावरची धूळ मात्र पुसली. झाडावर प्लास्टिकची पिशवी घालून दमटपणा राखण्याचा उपाय पातळ पानांच्या झाडांना, उदाहरणार्थ फर्नला, चांगला लागू पडतो; रबर प्लांटच्या जाड, मेणचट पानांना त्याची फारशी गरज नसते, आणि वजनांचा हिशेब बिघडेल म्हणून नातीने त्याला सरळ नकार दिला.

याच घरात त्याच दिवशी कुंडी बदललेली पीस लिली वाचली नाही.

[वहीचे पान. पावसाने भिजलेली खिडकी.]

सतराव्या दिवशी झाडाच्या कुंडीचे वजन शेजारच्या कुंडीपेक्षा थोडे अधिक घटले. विसाव्या दिवशी फरक ठळक झाला. झाडावर वरून काहीही बदललेले नव्हते, शेंड्याकडे पाहून कोणी आशा धरली नसती; पण खाली नवी टोके फुटली होती आणि त्यांच्यावर नवी लव आली होती, हे काट्याने सांगितले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला, हवा दमट झाली आणि पानांवरचा ताण आपोआप उतरला. झाड सावरण्याचे निम्मे श्रेय या पावसाला द्यायला हवे. कुंडी बदलण्याचे काम मेऐवजी जूनमध्ये केले असते, तर बहुधा हे चित्रण करण्याची वेळ आली नसती.

[शेंड्यावरील लाल आवरण. वेगाने पुढे सरकणारे चित्रण.]

शेंड्यावरचे हे लालसर टोक म्हणजे नव्या पानाला झाकून ठेवणारे उपपर्णाचे आवरण आहे. महिनाभर ते मिटलेले होते. चार दिवसांचे चित्रण येथे चाळीस सेकंदांत दाखवले आहे.

उलगडलेले पान आधीच्या पानांहून लहान आहे. खोडाचा खालचा भाग तसाच उघडा राहणार आहे. झिलईची बारा इंची कुंडी आता दाराशी छत्र्या ठेवण्यासाठी वापरतात. नातीने वहीतील दुसरा रकाना बंद केला आहे, कारण झाडाशिवायच्या कुंडीत आजींनी धणे रगडून पेरले आहेत.